कोकणात घर बांधताय? जेसीबी सांगण्याआधी हे करा

कोकणात जागा घेतली की पहिलं काम काय, तर जेसीबी सांगायचा आणि उतार सपाट करून घ्यायचा, असा रिवाजच पडला आहे. मग त्या सपाटीवर पुण्या-मुंबईच्या सोसायटीत शोभेल असा बंगला उभा राहतो. पहिल्या पावसात मागच्या उभ्या कापलेल्या दरडीची माती स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन टेकते, दुसऱ्या पावसात स्लॅब पाझरतो आणि तिसऱ्या वर्षी स्लॅबवर पत्र्याची शेड चढते. दापोलीपासून दोडामार्गापर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, अशी घरं मोजता मोजता कंटाळाल. एकाच घरावर दोन छपरं, आणि पैसेही दोनदा.

कोकणात घराचा नकाशा सगळ्यात शेवटी काढायचा असतो. आधी त्या जागेवर पाणी कुठून येतं नि कुठे जातं, ऊन कधी कुठे पडतं, वारा कुठून लागतो, हे कागदावर यायला हवं. ते आलं की निम्मा नकाशा आपोआप ठरतो.

पुढचं सगळं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली दहा-पंधरा गुंठ्यांची उताराची जागा आणि तिच्यावरचं हजारभर चौरस फुटांचं बैठं घर डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे. देशावरची काळी माती आणि विदर्भाचं ऊन यांचा हिशोब वेगळा. हे तिथे जसंच्या तसं लावू नका.

कागद

यावर फार लिहीत नाही, कारण त्यासाठी वकील आणि तलाठी आहेत. सातबारा, सरकारी मोजणी, जागेवर घर बांधता येतं याची खात्री आणि जागेपर्यंत जाणारी नोंदलेली वाट, एवढं हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका. समुद्राजवळ जागा असेल तर सागरी किनारा नियमनाच्या नकाशात ती कुठे पडते ते बघा. भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटरच्या पट्ट्यात, गावाच्या वर्गवारीप्रमाणे, नवं घर बांधता येत नाही, आणि हे नियम फक्त समुद्राला नसून खाडीकाठालाही लागतात. नदीजवळ असाल तर जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा विचारा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये महापुरात जे झालं त्यानंतर या रेषांना कागदावरच्या रेषा म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये.

जागा जुलैत बघा

दलाल जागा दाखवतो डिसेंबरात. हवा गार, गवत सोनेरी, समोर समुद्राची रेघ. ती जागा आषाढात कशी असते हे तुम्हाला कुणी दाखवणार नाही, तेव्हा छत्री घेऊन स्वतः जा आणि धो धो पाऊस चालू असताना जागेवर निदान दोन तास थांबा. कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घराला खरी अडचण येते ती याच पावसाची, त्यामुळे ओळखही त्याच्याशीच आधी हवी.

काय बघायचं? वरच्या शेजाऱ्याच्या जागेतलं पाणी तुमच्या हद्दीत कुठून शिरतं. एका जागी धार धरून येतं की सगळ्या उतारावरून पसरून येतं. खाली कुठे जातं, वहाळाला (ओढ्याला) मिळतं की पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) वाहत दुसऱ्याच्या अंगणात शिरतं. कुठे पाणी जमिनीतूनच वर येतं. अशा जागी पायाखालची माती लिबलिबते आणि पाऊस थांबल्यावरही झिरप चालू राहते. तिथे घराचा पाया घालायचा नाही. झाडांकडे बघा: बुंधे उताराच्या बाजूला कलून शेंडे पुन्हा सरळ वर गेले असतील, तर ती माती हळूहळू खाली सरकते आहे. उताराच्या डोक्यावर लांबलचक भेग दिसली तर त्या जागेचा नाद सोडा. माळीण (जुलै २०१४), तळिये (जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (जुलै २०२३) या दरडी कोसळण्याच्या तिन्ही दुर्घटना जुलैतल्या आहेत, हे लक्षात ठेवा.

कोकणात बऱ्याच ठिकाणी वर जांभा आणि त्याच्याखाली पांढरट-गुलाबी, हाताला साबणासारखी लागणारी चिकणमाती असते. जांभा सच्छिद्र, पाणी झरझर खाली सोडतो. खालची माती ते अडवते आणि ओली झाली की निसरडी होते. वरून कातळ बघून ‘पाया काय, पहाडासारखा’ म्हणणाऱ्यांनी शेजारची विहीर किंवा चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) उतरून बघावी. किती फुटांवर जांभा संपतो ते तिथे उघड दिसतं. विहिरीवर गेलातच तर मे महिन्यात पाणी किती खाली जातं नि ऑगस्टात किती वर येतं तेही विचारून घ्या. ही माहिती कुठल्याही सर्व्हे रिपोर्टपेक्षा समोरच्या घरातल्या आजींकडे जास्त पक्की असते.

उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्या, निदान चाळीस फुटांची. तिच्यात पाणी भरा, मध्ये बुडबुडा राहू देऊ नका. एक माणूस वर, एक खाली, मध्ये आडवं अंतर ३० फूट. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला येतं. दोघांनीही आपापल्या जमिनीपासून त्या पाण्यापर्यंतची उंची मोजायची. वरच्या माणसाकडे १ फूट आणि खालच्याकडे ७ फूट भरली, तर फरक ६ फूट. ३० फुटांत ६ फूट, म्हणजे एकास पाच. यापेक्षा उभ्या डोंगरउतारावर बांधकामाला राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीतही बंधनं आहेत, आणि नसती तरी तिथे पहिलं घर बांधू नका. एकास दहापर्यंतचा उतार नवख्या माणसाला झेपतो.

हे सगळं एका मोठ्या कागदावर काढा: हद्द, उताराची दिशा, पाण्याच्या वाटा, विहीर, प्रत्येक मोठं झाड त्याच्या घेरासकट. वास्तुविशारदाकडे जाताना गुगलवरून उतरवलेले बंगल्यांचे फोटो नेऊ नका, हा कागद न्या. चांगला माणूस असेल तर तो खुर्ची पुढे ओढेल. फोटोच मागत असेल तर दुसरा बघा.

ऊन

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्याचा व्यवहारात अर्थ असा: २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. २१ मार्चच्या सुमारास ७३ अंशांवर. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तो एक दिवस बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे मेच्या उत्तरार्धात दुपारची सावली दक्षिणेला पडते. उत्तरेच्या खिडकीत कधीच ऊन येत नाही असं मानून चालणाऱ्यांना हे अंगणात काठी रोवून दाखवावं लागतं.

आता छज्ज्याचा हिशोब. दक्षिणेची चार फूट उंच खिडकी आणि तिच्या माथ्यावर दोन फुटांचा छज्जा. मार्च-एप्रिलच्या दुपारी पूर्ण खिडकी सावलीत राहते. डिसेंबरच्या दुपारी सावली सव्वादोन फुटांवर थांबते आणि खालून ऊन आत येतं, जे त्या दिवसांत हवंहवंसं असतं. दक्षिण बाजू अशी सोपी आहे.

पश्चिम बाजू सोपी नाही. दुपारी चारनंतर ऊन तिरपं होऊन थेट आत घुसतं, त्यापुढे छज्जा कितीही लांबवला तरी काही चालत नाही. तिकडे पडवी, झाडं, उघडझाप करता येणारी पट्ट्यांची लाकडी दारं किंवा जाळी, यांतलंच काहीतरी हवं. न्हाणीघर, जिना, कोठीची खोली पश्चिमेला टाकली की त्यांच्या भिंती ऊन खातात आणि मागच्या खोल्या वाचतात.

आणि उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन खातं ते छप्पर. भिंतींवर चर्चा तासभर होते, छपरावर पाच मिनिटं. खरं म्हणजे उलट हवं.

वारा, आणि समुद्र दिसण्याचा मोह

किनाऱ्यावर दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. झोपायच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या तर दोन्ही वाऱ्यांचा उपयोग होतो. एकाच भिंतीला दोन मोठ्या खिडक्या ठेवून वारा येत नाही. त्याला बाहेर जायलाही वाट लागते. माथ्याजवळ झरोके ठेवले तर गरम हवा तिथून निघून जाते.

अडचण अशी की वारा, समुद्राचा देखावा, दुपारचं ऊन आणि पावसाची झड हे चौघंही कोकणात पश्चिमेकडूनच येतात. सगळी पश्चिम काचेची करून टाकलेली घरं जूनच्या पहिल्या आठवड्यात कशी दिसतात ते एकदा बघाच. गाद्या उचलून पूर्वेच्या खोलीत नेलेल्या असतात.

या चौघांची एकदम सोय कशी लावायची, याचं उत्तम उदाहरण मुंबईत आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही इमारत १९८३ साली पुरी झाली. घरं पूर्व-पश्चिम ठेवली, कारण वारा आणि समुद्र तिकडेच. पण राहत्या खोल्या थेट बाहेरच्या भिंतीला न भिडवता कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. ऊन आणि झड त्या गच्चीतच अडते. ही युक्ती जुन्या बंगल्यांच्या चारी बाजूंच्या व्हरांड्यातून उचललेली आहे. तुमच्या बैठ्या घराला तेच काम आठ फूट रुंद पडवी करते. चार फुटांची पडवी करू नका: तिच्यात धड खुर्ची मावत नाही आणि झडही आत येते.

अलिबाग-मुरुडच्या पट्ट्यात नांदगावला वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ साली पुरं केलेलं पाल्मिरा हाऊस नारळाच्या आगरात बसवलेलं आहे. भिंतींच्या जागी ताडाच्या लाकडाच्या पट्ट्या, वारा आरपार. श्रीमंत घर आहे, नक्कल परवडणार नाही. पण माडांच्या मधल्या मोकळ्या जागा शोधून त्यांत घर बसवायला पैसे लागत नाहीत.

घर कुठे बसवायचं

आता मघाचा कागद काढा. पाण्याच्या वाटा, झिरपणाऱ्या जागा, मोठी झाडं आणि उताराची कड यांवर काट मारा. जे उरेल त्यात घर.

घराची लांब बाजू उताराला आडवी ठेवा, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवर. तीस फूट खोलीचं घर एकास दहा उतारावर ठेवलं तर पुढच्या-मागच्या भिंतींत तीन फुटांचा फरक पडतो. वीस फूट खोलीचं ठेवलं तर दोनच. लांबट, अरुंद घर कमी खोदाई मागतं आणि हवाही आरपार जाते. उरलेला फरक जोत्यात (घराखालच्या चौथऱ्यात) घ्या. जुन्या घरांत पडवीतून ओटीवर, ओटीवरून माजघरात जाताना एकेक पायरी चढायची ती नुसती शोभेची नव्हती; जमीन चढत होती तसं घर चढत होतं. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर मात्र झोपायची खोली, संडास आणि स्वयंपाकघर एकाच पातळीवर आणा.

मागची बाजू कापावी लागलीच तर उभी सरळ कापू नका. पायऱ्या-पायऱ्यांनी कापा आणि चिऱ्याच्या सुक्या गडग्याने (सिमेंट-चुना न घालता रचलेल्या बांधाने) अडवा. सुक्या गडग्यातून पाणी वाट काढतं. सिमेंटची सलग भिंत घातली तर मागे पाणी तुंबतं आणि ते भिंतीला ढकलतं. ती घालायचीच असेल तर पाच-पाच फुटांवर पाणी जायला पाइप आणि मागे दगडगोट्यांचा थर हवाच. गडगा पाच फुटांपेक्षा उंच होत असेल तर अंदाजपंचे काम नको, इंजिनिअरकडून करून घ्या. मागची भिंत आणि गडगा यांच्यात निदान सहा फूट मोकळे ठेवा आणि तिथून घराला वळसा घालून जाणारा चर काढा. हा चर नकाशावर कुणी काढत नाही, आणि घर वाचतं ते त्याच्यामुळे.

सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, तिच्यापासून निदान ५० फूट लांब. जांभ्यातून पाणी किती सहज जातं ते वर सांगितलंच.

वास्तुशास्त्राचं विचाराल, तर ज्याची त्याची श्रद्धा. पण ईशान्येला विहीर हवी म्हणून उताराच्या माथ्यावर बोअर मारण्याआधी पाणी कुठे आहे तेवढं बघून घ्या.

छप्पर

साधं, दोन पाखी, उतरतं. कोकणात छपराला जितके जास्त कोन, तितक्या जास्त गळत्या. दोन पाखं आत वळून जिथे मिळतात त्या घळीत पाला अडकतो आणि पाणी कौलांखाली शिरतं, म्हणून अशी घळ होईल तितकी टाळा. उतार ३० अंश धरा: १२ फूट आडव्या अंतराला ७ फूट चढ. पंधरा अंशांचं ‘मॉडर्न’ छप्पर फोटोत छान दिसतं, पण झडीचा वारा पाणी उलटं कौलाखाली ढकलतो आणि वादळात असं चपटं छप्पर लवकर उचललं जातं.

मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला १८६५ साली काढला, आणि आजही या हवेला त्याहून शहाणी वस्तू मला माहीत नाही. वर कौल, खाली छताचं चपटं कौल, मध्ये हवा: खोली थंड राहते. पत्र्यापेक्षा पावसाचा आवाज कमी, एखादं फुटलं तर तेवढंच बदलायचं. माकडांचा उपद्रव असेल तर मात्र कौलांचा विचार दोनदा करा. त्या गावांत लोकांनी पत्रा का घातला हे विचारलंत तर पाच मिनिटांत कळेल. पत्रा घालणार असाल तर खाली लाकडी किंवा बांबूचं छत आणि मध्ये हवेची जागा हवीच.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. तेव्हापासून छपराच्या कामात तीन गोष्टी मी सोडत नाही. पहिली, भिंतीच्या माथ्यावर सळीचा सलग काँक्रीटचा पट्टा आणि त्यात बसवलेल्या बोल्टांनी आवळलेली लाकडी वा लोखंडी पट्टी. वासे तिला जखडायचे. दुसरी, वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळींतलं प्रत्येक कौल रिपेला तारेने बांधायचं. कौलाच्या पाठीला त्यासाठी भोकाचा कान असतो, फक्त गवंडी कंटाळा करतात. तार तांब्याची घ्या, लोखंडी तार खाऱ्या हवेत टिकत नाही. तिसरी गोष्ट जरा उलटी वाटेल. झडीसाठी वळचण लांब हवी, पण वादळात वारा लांब वळचणीच्या खालून छप्पर उचलतो. म्हणून मुख्य छपराची वळचण दीड-दोन फुटांवर थांबवायची आणि पडवीचं छप्पर वेगळं, खालच्या पातळीवर, स्वतःच्या खांबांवर उभं करायचं. गेलंच तर पडवीचं जाईल, घर उघडं पडणार नाही.

पडवीला पावसाळ्यात चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) झापं बांधायची जुनी पद्धत आहे. हल्ली त्याजागी हिरवी नेट लावतात. दिसायला बेताचीच, पण दोन्हींचं तत्त्व एक: झड अडवायची, वारा अडवायचा नाही.

भिंती

चिरा जवळच्या खाणीचा घ्या. खाणीतून काढला की मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, म्हणून ताजा चिरा लगेच रचण्यापेक्षा थोडा मुरलेला बरा. पिवळट, मातीच्या गाठी असलेला चिरा बाजूला काढा. पायाला आणि जोत्याला काळा दगड मिळाला तर उत्तम. जोत्यावर ओल अडवणारा थर न चुकता.

चिऱ्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा करायची घाई नको. गिलाव्याला केसासारखी तडा जाते, तिथून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट नसते. आतला रंग पोपडे धरतो. वळचण आणि पडवी नीट असेल तर उघडा चिरा आणि चिऱ्यांमधले घट्ट भरलेले सांधे पुरतात. गिलावा हवाच असेल तर चुन्याचा करा, भिंत सुकत राहते. समुद्राजवळ काँक्रीटमधली सळी लवकर गंजते, म्हणून जिथे सळीशिवाय भागतं तिथे भागवा आणि बाकी ठिकाणी तिच्यावरचा काँक्रीटचा थर नेहमीपेक्षा जाड ठेवायला सांगा.

पाणी साठवणं

हजार चौरस फुटांच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे २ लाख ८० हजार लिटर. वीस टक्के वाया गेलं तरी सव्वादोन लाख हाताशी. आणि त्याच गावात एप्रिलात टँकर येतो. चार माणसं, माणशी १०० लिटर, फेब्रुवारीअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत १०० दिवस: ४०,००० लिटर लागतात. पाच बाय चार मीटरची, दोन मीटर खोल टाकी. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं जाळीतून गाळून भरायचं, टाकी झाकलेली ठेवायची. टाकी भरल्यावरचं पाणी पाइपने थेट वहाळापर्यंत न्या. एका दिवसात २०० मिलिमीटर पडला तर या छपरावरून १८,००० लिटरहून जास्त पाणी उतरतं. ते उताराच्या कडेला सोडलं तर कडच जाईल.

वेळापत्रक

पहिला पावसाळा जागा बघण्यात घालवा. नवरात्रानंतर नकाशा पक्का करा, परवानग्यांना लागतील ते महिने धरा. झाड तोडावंच लागणार असेल तर त्याची परवानगी वेगळी. परवानग्या हातात आल्या की खोदाई आणि पाया दिवाळीनंतर. मेच्या मध्यापर्यंत कौलं चढलीच पाहिजेत, कारण वळवाची सर मान्सूनची वाट बघत नाही. चढणार नाहीत असं मार्चमध्येच दिसलं, तर जोत्यावर काम थांबवा, जोतं झाकून ठेवा आणि भिंती पुढच्या मोसमात घ्या. अर्ध्या भिंती पावसात उभ्या ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आणि ठेकेदाराशी करार करतानाच लिहून घ्या की शेवटचा हप्ता गणपतींचं विसर्जन झाल्यावर मिळेल. तोवर गळायचं ते गळून झालेलं असतं.